तेल जंतू मारते, पण तुमच्या बाटलीत ते आहे किती?

प्रश्न : कडुनिंबाचा पाला आणि तुळस उकळून मी २०० मिली काढा करते. त्यात टी ट्री तेलाचे ८ आणि लवंग तेलाचे ४ थेंब टाकून स्प्रे बनवते. हातांवर आणि ओट्यावर तोच मारते. आठ-दहा दिवसांत तो गढूळ होतो आणि कुबट वास येतो. ताज्या कोरफडीच्या गराची जेलही करते. तिच्यात टी ट्रीचे ५ थेंब आणि ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट घालते, तरी तीन आठवड्यांत ती पाण्यासारखी पातळ होते. लवंग तेलाने अँटिबायोटिकपेक्षा मोठे वर्तुळ दिल्याचे एका शोधनिबंधात वाचले होते. मग माझ्याकडेच ते का चालत नाही? नेमके प्रमाण किती घ्यावे? रासायनिक प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येईल का? घरात सात महिन्यांचे बाळ आहे आणि एक मांजरही.

उत्तर : तो स्प्रे आणि ती जेल, दोन्ही आजच टाकून द्या. गाळून, पुन्हा उकळून किंवा आणखी चार थेंब घालून वाचवायच्या भानगडीत पडू नका. पारदर्शक द्रव जंतूंमुळे डोळ्यांना गढूळ दिसू लागतो, तेव्हा त्याच्या एकेका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या दहा लाखांच्या पुढे गेलेली असते. म्हणजे गेले काही दिवस तुम्ही ओट्यावर जंतू मारत नव्हता, शिंपडत होता.

आता हिशेब मांडू. २० थेंबांचा १ मिली असे सगळीकडे छापलेले असते, पण बाटलीचे झाकण आणि तेलाचा दाटपणा यांनुसार १ मिलीला ३०-३५ थेंबही लागतात. तुमचे टी ट्रीचे ८ थेंब म्हणजे पाव ते ०.४ मिली. २०० मिलीत ते ०.१३ ते ०.२ टक्के झाले. स्टॅफिलोकोकस ऑरियस या त्वचेवरच्या नेहमीच्या जिवाणूची वाढ रोखायला प्रयोगशाळेत टी ट्री तेल साधारण ०.५ ते १.२५ टक्के लागते. स्युडोमोनास एरुगिनोसा हा पाण्यात आणि ओलसर बाटल्यांत हमखास आढळणारा जिवाणू तर १ ते ८ टक्क्यांपर्यंत दाद देत नाही. शिवाय हे आकडे जंतूंची वाढ थांबवण्याचे आहेत, तेही तेल द्रवात एकसारखे पसरवून, उबदार पेटीत रात्रभर ठेवल्यावरचे. हातावर अर्ध्या मिनिटात जंतू मारायचे तर प्रमाण आणखी वर जाते.

आणि तुमच्या बाटलीत तेल पसरलेलेही नाही. ते पाण्यात विरघळत नाही. टी ट्री पाण्यापेक्षा हलके, लवंग तेल पाण्यापेक्षा जड, पण या प्रमाणात दोन्ही एकत्र आली की वर तवंग धरतात. स्प्रेची नळी मात्र तळातून ओढते. त्यामुळे बाटली संपेपर्यंत हातावर जवळजवळ नुसता काढा पडतो आणि शेवटच्या चार-सहा फवाऱ्यांत निव्वळ तेल. ‘शेवटी शेवटी हात चुरचुरतात’ अशी तक्रार घरगुती स्प्रेबद्दल येते ती यामुळेच. बाटली हलवली की तेलाचे बारीक थेंब होतात खरे, पण मिनिटभरात ते पुन्हा वर जमतात.

राहिला काढा. उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण बॅसिलस जातीचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. नंतर गाळणी, बाटली आणि हवेतून नवे जंतू येतात ते वेगळेच. पानांतून उतरलेली साखर, प्रथिने आणि क्षार हे त्यांचे आयते खाद्य. कडुनिंबाचे नाव जिच्यामुळे मोठे झाले ती अझाडिरॅक्टिन कीटकांवर चालते आणि मुख्यतः बियांत असते. पानांच्या पाणकाढ्यात जंतूंविरुद्ध जे उतरते ते फार विरळ. असा कोणताही काढा झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा. बाटलीत भरून महिनाभर वापरायची ती वस्तू नव्हे.

वर्तुळाचे कोडे

शोधनिबंध खोटा नसतो, पण वर्तुळ फसवे असते. या चाचणीत जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जंतू वाढवायच्या घट्ट जेलीच्या) थाळीवर कागदाची चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेली जागा मोजतात. तेलाच्या चकतीवर बहुधा १० मायक्रोलिटर शुद्ध तेल घालतात, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या प्रमाणित चकतीवर औषध असते १० मायक्रोग्रॅम. हजारपट माल घालून मिळालेले वर्तुळ दोन-चार मिलिमीटरने मोठे निघाले, तर त्यावरून तेल अँटिबायोटिकपेक्षा भारी ठरत नाही. त्यात तेल अगारमधून नीट झिरपत नाही, थोडे वाफेनेही पसरते. म्हणून दोन तेलांच्या वर्तुळांची आपसातली तुलनासुद्धा बेभरवशाची असते. निबंध वाचताना वर्तुळाचा तक्ता सोडा आणि किमान रोधक प्रमाण, म्हणजे एमआयसी, किती टक्के दिले आहे ते शोधा. त्याच तेलाचे त्वचेला सोसणारे प्रमाण त्याच्या शेजारी लिहा. कागदावर हे दोन आकडे समोरासमोर आले की निम्मी घरगुती कृतिपत्रके तिथेच बाद होतात.

तेले खरोखर जंतू मारतात, याबद्दल शंका नको. ओव्यातले थायमॉल, ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल आणि लवंगेतले युजेनॉल ही फिनॉल गटातली द्रव्ये जिवाणूच्या पेशीपटलातल्या स्निग्ध थरात घुसतात. पटल गळू लागते, आतले पोटॅशियम बाहेर पडते, ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा कोलमडते. दालचिनीच्या सालीतले सिनॅमाल्डिहाइड पेशीतल्या प्रथिनांनाही धरते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि ते तेलकट रेणूंना अडवते. स्युडोमोनासकडे तर आत आलेले रेणू बाहेर फेकणारे पंपही आहेत. तुमच्या गढूळ बाटलीत नक्की कोण वाढले हे चाचणीशिवाय सांगता येणार नाही, पण पाणी भरपूर आणि तेल अपुरे असले की बहुतेक वेळा याच गटातले जिवाणू मुसंडी मारतात.

जोराच्या उतरंडीत ओवा, थाइम, ओरेगॅनो, लवंग आणि दालचिनीची साल वर आहेत. टी ट्री आणि गवती चहा मधल्या पायरीवर. निलगिरी, लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेले बरीच खाली, त्यांचा वास कितीही ‘स्वच्छ’ वाटो. अडचण अशी की जी तेले जोरदार, तीच त्वचेला जाचक. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनासाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा लवंगेला ०.५ टक्के आहे आणि गवती चहाला सुमारे ०.७ टक्के. दालचिनीच्या सालीला तर फक्त ०.०७ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक-दोन थेंब. टी ट्रीला बरीच मोकळीक आहे, पण तेही जेलमध्ये २-३ टक्के घातले तर वास डोक्यात जातो आणि संवेदनशील त्वचा लाल होते.

प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येईल का?

पाणी असलेल्या उत्पादनात नाही. तेलाच्या भरवशावर तर नाहीच. जेल टिकवायची तर जिवाणू, यीस्ट आणि बुरशी या तिन्हींना महिनोन्‌महिने रोखावे लागते, तेही रोज त्यात बोट बुडत असताना. तेल उडून जाते, हवेने बिघडते, स्निग्ध पदार्थांत आणि इमल्सिफायरच्या (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या द्रव्याच्या) कणांत अडकून बसते. पाण्यात, जिथे जंतू वाढतात तिथे, ते फार थोडे उरते.

ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टबद्दल स्पष्टच सांगायला हवे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातले सहा अर्क पाहिले गेले. पाचांमध्ये बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले आणि जंतू मारले ते त्या पाचांनीच. सहाव्यात कृत्रिम काही नव्हते, त्याने जंतूही मारले नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणून जे घालता, ते एकतर निकामी असते किंवा लेबलावर न लिहिलेले रसायन असते. व्हिटॅमिन ई आणि रोझमेरी अर्क हेही प्रिझर्व्हेटिव्ह नव्हेत. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतात, जंतूंना हात लावत नाहीत.

तुम्हाला सौम्य पर्याय हवा असेल तर सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी घ्या. पण ती पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर, जगते (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त). जंतूंवर चालतो तो बेंझोएटपासून बनणाऱ्या बेंझोइक आम्लाचा विद्युतभार नसलेला भाग. पीएच ४ ला तो सुमारे ६१ टक्के असतो, ५ ला १४ टक्के आणि ६ ला जेमतेम दीड टक्का. ‘प्रिझर्व्हेटिव्ह घातले तरी बुरशी आली’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पीएच मोजलेलाच नसतो.

१०० ग्रॅम जेलचे प्रमाण असे ठेवा. सगळे वजनाने, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर :

ऊर्ध्वपातित पाणी ८९ ग्रॅम (उरलेले शेवटी), ग्लिसरीन ५, झँथन गम १, कोरफडीची २००:१ पावडर (२०० पट आटवलेला रस) ०.५, सोडियम बेंझोएट ०.५, पोटॅशियम सॉर्बेट ०.३, डायसोडियम ईडीटीए ०.१, टी ट्री तेल ०.३, पॉलिसॉर्बेट-२० (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) १.२ ग्रॅम. शिवाय सायट्रिक आम्लाचे २० टक्के द्रावण लागेल तसे.

ताजा गर का नको? कारण कापलेल्या पानाबरोबर मातीतले जंतू आणि गर पातळ करणारी विकरे (एन्झाइम) दोन्ही येतात. तुमची जेल पाण्यासारखी झाली त्याला ही विकरे आणि जंतू दोघेही जबाबदार धरा. २००:१ पावडर अर्धा टक्का घातली की मूळ रसाइतकी कोरफड झालीच.

भांडी, चमचे आणि बाटल्या धुऊन, ७० टक्के अल्कोहोल फवारून वाळू द्या. पाण्यात ईडीटीए, बेंझोएट, सॉर्बेट आणि कोरफड पावडर विरघळवा. झँथन कधीही थेट पाण्यात टाकू नका, माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या सुटत नाहीत. ते आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग ढवळत पाण्यात सोडा आणि २० मिनिटे फुगू द्या. कार्बोमर (जेल घट्ट करणारी कृत्रिम पावडर) घरात असला तरी इथे वापरू नका. बेंझोएट आणि सॉर्बेट हे क्षार आहेत, क्षारांनी कार्बोमरची जेल ढासळून पातळ होते. टी ट्री आणि पॉलिसॉर्बेट वेगळ्या वाटीत एकजीव करून जेलमध्ये मिसळा. पॉलिसॉर्बेट हात सैल सोडून घालू नका. गरजेपेक्षा जास्त झाले तर ते तेल आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही आपल्यात ओढून घेते आणि जेल चिकट लागते ती वेगळीच.

शेवटी आम्ल, थेंब थेंब, सतत ढवळत. घाईने ओतले तर त्या जागी बेंझोइक आम्ल पांढऱ्या कणांनी खाली बसते आणि तेवढे प्रिझर्व्हेटिव्ह वाया जाते. दर अर्ध्या ग्रॅमनंतर पीएच पहा, ४.५ ते ४.८ वर थांबा. पट्टी वापरणार असाल तर ४ ते ७ असा अरुंद पल्ला दाखवणारी घ्या. १ ते १४ च्या पट्टीवर ४.५ आणि ५.५ मधला रंग ओळखू येत नाही. मग पाणी घालून १०० ग्रॅम करा आणि दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा मोजा, कारण कोरफडीमुळे तो थोडा सरकतो.

ईडीटीए यात कशासाठी, असे विचाराल. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाहेरचे आवरण कॅल्शियम-मॅग्नेशियमने बांधलेले असते. ईडीटीए ते धातू पळवतो, आवरण ढिले पडते आणि बाकीच्यांना वाट मिळते. इथे टी ट्री थोडा हातभार लावते, इतकीच त्या तेलाची कामगिरी समजा.

बाटली पंपाची घ्या, डबी नको. घरच्या वापरासाठी ही जेल दोन-तीन महिने धरा. डिप स्लाइड (नमुन्यात बुडवून जंतू वाढतात का ते पाहायची पट्टी) मिळत असेल तर तयार केल्यावर आणि महिन्याने एकदा तपासून पहा. त्यातून जंतूंची ढोबळ संख्या कळते. पण स्लाइड कोरी निघाली म्हणजे उत्पादन टिकाऊ ठरले असे नाही. त्यासाठी मुद्दाम जंतू सोडून २८ दिवस पाहण्याची चॅलेंज टेस्ट असते आणि ती प्रयोगशाळेतच होते. उद्या कुणाला विकण्याचा विचार आला तर तिच्याशिवाय एकही बाटली घराबाहेर जाऊ देऊ नका.

हात आणि ओटा

हातांसाठी साबण-पाणी आणि २० सेकंदांचे चोळणे. पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के इथेनॉल असलेले तयार सॅनिटायझर. त्यात जंतू मारते ते अल्कोहोल. एखाद्या टक्क्याच्या आत घातलेले तेल वासापुरते असते. घरी मिसळताना दोन ठिकाणी घोळ होतो. एक, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धाअधिक कोरफड घालून ते ३५ टक्क्यांवर आणणे. दुसरा जीवावर बेतणारा : स्पिरिट म्हणून मेथॅनॉल विकत घेणे. मेथॅनॉल त्वचेतूनही शरीरात जाते आणि डोळे घालवते.

ओटा आधी साबणाने पुसा. मळ आणि तेलकटपणा राहिला तर कोणतेही जंतुनाशक त्यातच अडकते. त्यानंतर निर्जंतुक करायचेच असेल आणि वनस्पतिजन्य द्रव्यच हवे असेल, तर थायमॉलवर आधारलेली नोंदणीकृत जंतुनाशके मिळतात. त्यांचे लेबल वाचा : पृष्ठभाग ठरावीक वेळ ओला राहिला पाहिजे आणि अशा उत्पादनांत ती वेळ बरेचदा १० मिनिटे असते. फवारून लगेच पुसले तर नुसता वास मागे राहतो. डिफ्यूझरने खोलीची हवा निर्जंतुक होते हेही मनातून काढून टाका. हवेत जंतू मरतील इतकी वाफ साठली, तर आधी तुम्ही खोकत बाहेर याल.

मग टी ट्रीचा उपयोग काय?

आहे, ठरावीक जागी. मुरुमांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना १९९० मध्ये १२४ जणांवर झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, त्रास कमी झाला. पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर १० टक्क्यांच्या मलमाने खाज कमी झाली, पण बुरशी जाण्यात ते बिनऔषधी मलमापेक्षा सरस ठरले नाही. २५ आणि ५० टक्क्यांच्या द्रावणाने बुरशीही गेली, मात्र काहींना त्वचेची जळजळ सोसावी लागली. म्हणजे ०.१५ टक्क्यांत कुठलाही चमत्कार शोधू नका. उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागी, पू झालेल्या ठिकाणी किंवा ताप असताना तेलाच्या नादी लागून डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. कच्चा लसूण ठेचून त्वचेवर बांधणे तर पूर्ण बंद. लसणातले ॲलिसिन जंतू मारते, पण काही तासांत त्वचेला फोडही आणते.

घेताना लेबलावर मेलॅल्युका अल्टर्निफोलिया हे नाव आणि त्या खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफी अहवाल (तेलातल्या घटकांची प्रयोगशाळेतली मोजणी) पहा : जंतू मारणारा मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल ३५ ते ४८ टक्के, सिनिओल १० टक्क्यांच्या आत. दालचिनी तेल घेताना साल की पान हे विचारा. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असते, वागणूक लवंगेसारखी. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेले तेल या कामाचे नाही. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड जागा. रबरी झाकणाचा ड्रॉपर कायम लावून ठेवू नका, रबर विरघळते. उघडलेले टी ट्री वर्षभरात संपवा. हवेने बिघडलेल्या टी ट्रीमुळे ॲलर्जी होण्याची शक्यता ताज्यापेक्षा बरीच जास्त असते. नव्या जेलचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला ४८ तास लावून पाहिल्याशिवाय चेहऱ्यावर नेऊ नका.

बाळाला यातले काहीही लावू नका. निलगिरी, पुदिना आणि कापूर त्याच्या नाका-तोंडाजवळही नकोत. त्यांनी लहान मुलांचा श्वास अडू शकतो, कापूर किंवा निलगिरी पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. चमचाभर तेलसुद्धा धोक्याचे, म्हणून बाटल्या कुलपात ठेवा. चुकून प्यायले तर उलटी करवू नका, बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठा. मांजराच्या यकृतात ही द्रव्ये निकामी करणारे एक विकर फार कमी असते आणि अंग चाटायची सवय असल्याने ओट्यावरचे तेल तिच्या पोटात जातेच. ती लाळ गाळू लागली, पाय लटपटू लागले किंवा सुस्त पडली, तर सौम्य साबणाने अंग धुऊन लगेच पशुवैद्याकडे न्या. ज्या ओट्यावर ती चढते तिथे साबण-पाणीच वापरा.